कपातली माती

रोपवाल्यानं मातीनं भरलेली हातगाडी फाटकाशी आणून उभी केली तेव्हा सासूबाईंना वाटलं, हा माणूस आज भांडायला येताना सामान घेऊन आलाय.

असं वाटण्यात त्यांची काही चूक नव्हती. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती आणि गेली दोन वर्षं त्या भिंतीवरून शब्द जायचे-यायचे ते एकाच कामासाठी. रोपवाल्याच्या वाफ्यातली टोमॅटोची, मिरचीची रोपं मुरडायची. पानं बारीक, शेंडे आत वळलेले, जणू कुणी मुठीत धरून चुरगाळलेत. त्याचं म्हणणं, ह्यांच्या मोरीतलं धुण्याचं पाणी भिंतीखालून आपल्या वाफ्यात उतरतं आणि त्या साबणानं रोपं जातात. सासूबाईंचं म्हणणं, ज्याची जीभ तिरकी त्याची रोपंही तिरकीच उगवणार. दोघांनाही आपापलं म्हणणं इतकं आवडलेलं होतं की ते खरं की खोटं हे बघायला कुणी वाकलं नव्हतं.

आज मात्र रोपवाला फाटकाबाहेरच थांबून डोक्यावरची टोपी मागे-पुढे करत होता.

"काकू, ओढ्यानं तुमचं परस नेलं ते बघितलं मी," तो म्हणाला. "माझ्याकडे फुलझाडांच्या जुन्या पिशव्यांतली माती पडून आहे. वर आच्छादनाला पेंढाही आहे. फेकायचंच होतं सगळं. म्हटलं..."

आणि तो पुन्हा टोपीशी खेळू लागला.

"फेकायचं म्हणून आणलंस, की द्यायचं म्हणून आणलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"द्यायचं म्हणून," तो म्हणाला आणि चोरी पकडल्यासारखा खाली बघू लागला.

सून दारात ओले हात पुसत उभी होती. सासूबाईंनी फाटकाची कडी काढली.

घराची गत काही लपलेली नव्हती. ओढा एका दुपारी फुगला, परसात शिरला आणि जाताना इतक्या वर्षांची शेणखत घालून काळी केलेली माती घेऊन गेला. मागे ठेवले ते गोटे. घरातला कर्ता पुरुष, सुनेचा नवरा, गवंडी; तो त्याआधीच परांचीवरून पडून उजवं मनगट मोडून घेऊन बसला होता. म्हणजे ज्या दिवसांत परसानं घर चालवायचं त्याच दिवसांत परस गेलं. सून भाजी पिकवायची, बाजारात विकायची, त्यावर तीन माणसांची चूल पेटायची. आता बाजाराच्या दिवशी ती रिकामी टोपली उलटी ठेवून तिच्याकडे पाठ करून बसायची.

माती खाली झाली. पेंढ्याचे भारे उतरले. रोपवाला गेला, जाताना फाटक लावायला विसरला आणि परत येऊन लावून गेला.

"धर्माची गाय आन् दात का नाय, असं आपण विचारायचं नाही," सासूबाई पदर खोचत म्हणाल्या. "चल. ऊन उतरायच्या आत पसरायचं. आणि भिंतीच्या कडेनं आधी. त्याला दिसलं पाहिजे."

हा सासूबाईंचा कायदाच होता. कुणी काही दिलं तर ते त्याच दिवशी, देणाऱ्याच्या नजरेसमोर वापरायचं. कुणी आंबट ताक दिलं तरी त्या दारात उभ्या राहून प्यायच्या आणि भांडं विसळून हातात द्यायच्या. त्यांच्या मते घेणाऱ्यानं उपकार लपवून ठेवला की तो आंबतो. कायदा चांगला होता. फक्त त्यात तपासायला वेळ ठेवलेला नव्हता.

दोघी लागल्या कामाला. सून फावड्यानं घमेलं भरायची, सासूबाई दाताळ्यानं माती सारखी करायच्या. गवंडी गळ्यात हात बांधून उंबऱ्यावर बसून सूचना करायचा.

"डावीकडे उतार राहिलाय."

"तुझ्या जिभेला पट्टी बांधायला विसरला वैद्य," आई म्हणाली.

माती बघून सुनेचा जीव सुखावला. सुनेला सासूबाई 'चाळणी' म्हणायच्या. पीठ दोनदा चाळते आणि ऐकलेली गोष्ट तीनदा, म्हणून. तिनं सवयीनं घमेल्यात हात घालून बघितला. काच नाही, खिळा नाही. जुन्या मुळांचे झुबके निघाले ते तिनं बोटांनी उसवून पाहिले. मुळांना गाठी असतील तर ती माती परसात घ्यायची नाही, एवढं तिला माहेरी शिकवलेलं. गाठी नव्हत्या. वासही ओल्या रानासारखा.

मग तिनं पेंढा हातात घेतला.

पेंढा फार छान होता. तिच्या मनात खटकलं ते हेच. सोन्यासारखा पिवळा, आणि अख्खा भारा सोडून झटकला तरी त्यात तणाचं एक बोंड नाही, एक रुंद पान नाही. शेतातून आलेल्या पेंढ्यात शेताची चार नातेवाईक मंडळी असतातच. हा पेंढा अनाथ दिसत होता.

तिनं मान वर करून भिंतीपलीकडे पाहिलं. भिंतीलगतची रोपं मुरडलेली होती, ते नेहमीचंच. पण पार पलीकडे, रस्त्याच्या अंगाला, जिथं आपल्या मोरीचं पाणी पोहायला शिकलं असतं तरी पोचलं नसतं, तिथलीही मुरडलेली होती. आणि शेडमधल्या पिशव्यांतली फुलझाडं ताठ उभी. पिशव्यांवर पेंढा नव्हता. वाफ्यांवर होता.

तोवर सासूबाईंनी भिंतीच्या कडेचा वाफा पेंढ्यानं झाकून टाकला होता, पांघरुणाची कड दुमडावी तसा नीट.

"आता घेवडा लावते," त्या कंबर धरून म्हणाल्या.

सुनेनं हातातली काडी खाली टाकली.

हा घेवडा म्हणजे सासूबाईंच्या आईकडून आलेला. पांढऱ्या बीवर एक जांभळा ठिपका. बाजारात गिऱ्हाईक सुनेच्या टोपलीपाशी थांबायचं ते त्या शेंगांसाठी. बाकी भाजी त्यांच्या मागून खपायची. बियांची पिशवी पुरात भिजून कुजली. उरलं ते सासूबाईंनी ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवलेलं मूठभर. तेवढंच जगात होतं. ते लागलं तर पुढच्या वर्षी बी, शेंगा, बाजार सगळं परत. गेलं तर दुकानातून आणायची सोय नव्हती, कारण ते कुठल्याच दुकानात नव्हतं.

"आज नको आई," सून म्हणाली. "माती बसू दे जरा."

"माती काय पाहुणी आहे, बसायला?"

"दमलात तुम्ही. उद्या लावू."

सासूबाई खरंच दमल्या होत्या म्हणून वाचलं. पण उद्या काही लांब नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दळणाला गेल्या तशी सुनेनं नवऱ्याला परसात बोलावलं.

"मला कान तुटलेले कप हवेत. सगळे. आणि बुडाला भोकं पाडून हवीत."

"रंगाचे रिकामे डबे आहेत की माझ्याकडे," गवंडी म्हणाला.

"त्यात रंग होता. उद्या रोप वाकलं तर दोष रंगाला द्यायचा की पेंढ्याला?"

गवंड्यानं तिच्याकडे बघितलं. त्याला बायको कळायची, पण थोड्या उशिरानं. "पेंढ्याला दोष कशाला द्यायचाय?"

मग तिनं सांगितलं. तिच्या आईची रीत होती: नव्या सुनेला पंगतीत बघावं आणि नव्या मातीला घेवड्यावर. बाहेरून आलेलं खत, माती, काहीही असो, आधी त्यात चार दाणे टाकायचे आणि शेजारी आपल्या खात्रीच्या मातीत चार. दोन्हींचं तिसरं पान बघायचं. पहिली दोन पानं बी आपल्या शिदोरीवर काढतं, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. तिसऱ्या पानाला मातीचंच खावं लागतं. ते खोटं बोलत नाही.

"माझ्या आईला कळलं तर?" गवंडी म्हणाला.

"कळेलच. तोवर भोकं पाडा."

गवंडी डाव्या हातानं खिळा ठोकू लागला. दोन कपांना भोक पडलं आणि एका कपाचं भोकच झालं. शिव्या देत का होईना, त्यानं पुरेसे कप तयार केले. सुनेनं ते चार तऱ्हांनी भरले. खात्रीची माती घरात एकाच ठिकाणी उरली होती, सासूबाईंच्या दारातल्या कुंडीत. तिथून तिनं ओंजळीनं काढली आणि कुंडीला वरून थापटून गप्प केलं. काही कपांत नुसती ती. काही कपांत रोपवाल्याची माती. काही कपांत कुंडीचीच माती, पण पेंढा बारीक कातरून मिसळलेला. आणि शेवटचे कप भरताना ती जरा थांबली, हसली, आणि त्यांत कुंडीची माती घालून वर मोरीतलं धुण्याचं पाणी ओतलं.

"हे कशाला?" गवंडी म्हणाला.

"बघायला नको? दोन वर्षं ऐकून घेतोय आपण."

बी स्वयंपाकघरातल्या डब्यातलं, साधं. ट्रंकेकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. कुठला कप कसला ते कळावं म्हणून नवऱ्यानं कोळशानं खुणा केल्या. ऊन चांगलं लागतं म्हणून कप ओळीनं दगडी भिंतीवर मांडले. तिथंच चुकलं. पण ऊन भिंतीवरच पडायचं. उन्हाला भांडणं कळत नाहीत.

सासूबाई परत आल्या आणि त्यांनी आधी कुंडी बघितली.

"माझी कुंडी खाली का बसली?"

सुनेनं खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. सासूबाईंसमोर खोटं बोलायचं म्हणजे चाळणीत पाणी आणायचं. तिनं सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा तव्यासारखा तापत गेला.

"म्हणजे तो माणूस दोन वर्षांनी आपल्या दारात वाकला, आणि आपण त्याच्या देण्याला चिमट्यानं धरून बघायचं? लाज नाही वाटत?"

"वाटते," सून म्हणाली. "पण बी गेलं तर काय वाटेल ते बघतेय मी."

"त्यानं विष दिलं असं म्हणायचंय तुला?"

"त्यानं चांगल्या मनानं दिलंय. मन मी तपासत नाही आई. पेंढा तपासतेय."

सासूबाई वळल्या. आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. बाहेर आल्या तेव्हा हात रिकामे होते.

"तिसऱ्या पानापर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढं दिवस जातील लावणीचे. मग मी ऐकणार नाही. आणि कपात सगळं सरळ आलं तर तू स्वतः जाऊन त्याची माफी मागायची."

"मागीन."

"आणि माझी कुंडी भरायची."

*

त्या दिवसांत घरातली तिन्ही माणसं भिंतीपाशी काही ना काही काम काढून जायची. सासूबाई म्हणायच्या, मी कोथिंबीर बघायला गेले. कोथिंबीर पुरात गेली होती. गवंडी कपांपुढं उकिडवा बसून डोळा बारीक करायचा, ओळंबा लावल्यासारखा. सून पाणी घालायची, ठरावीक भांड्यानं, सगळ्यांना सारखं. एका सकाळी कोंब वर आले; पाठ वाकवून, डोक्यावर बी घेऊन, ओझ्यानं दमलेल्या हमालांसारखे. सगळ्या कपांत आले. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. पहिली दोन पानं उघडली. तीही सगळीकडे रुंद आणि हिरवी.

"बघ," सासूबाई म्हणाल्या.

"शिदोरी आहे ती," सून म्हणाली, पण तिचा आवाज बसला होता. आपण एका भल्या माणसावर उगीच संशय घेतला असं तिला दोन घास कमी खायला लावण्याइतकं वाटू लागलं. बाजारात शेजारच्या बायका विचारायच्या, अजून लावलं नाहीस गं काही? आणि ती म्हणायची, लावते की. तिला ते उत्तर स्वतःलाच शिळं वाटू लागलं होतं.

आणि नेमकं तेव्हा रोपवाल्यानं कप पाहिले.

तो आपल्या वाफ्याला पाणी घालत घालत भिंतीपाशी आला होता. ओळीनं मांडलेले कान तुटके कप, त्यांवर कोळशाच्या खुणा. एका खुणेत पेंढ्याची काडी काढलेली, एकीत गाडी. गवंड्याचं चित्र काही वाईट नव्हतं. त्यामुळंच घोळ झाला. गाडी ज्याची त्याला ओळखू आली.

"काकू!" त्यानं हाक मारली. हाकेत पूर्वीची धार होती. "हे काय आहे? माझ्या मातीची परीक्षा घेताय?"

सासूबाई ताडकन उठून भिंतीपाशी पोचल्या.

"मी रात्रंदिवस विचार करून आणली गाडी," तो म्हणाला. "आणावी की नको, फाटकात उभं करतील की नाही. आणि तुम्ही ती कपात घालून चव बघताय? भरा परत. माझी माती मला भरून द्या."

तो खरंच हातगाडी घेऊन फाटकातून आत आला. फावडं त्यानं स्वतःचं आणलं होतं. वाफ्यात उभा राहून एक घमेलं त्यानं भरलंसुद्धा. रागाच्या भरात माती अर्धी बाहेर सांडत होती. गवंडी मध्ये पडायला उठला, पण गळ्यातला हात घेऊन कुणाच्या मध्ये पडणार.

सून भिंतीपाशीच उभी होती. ती कपांकडे बघत होती. मग तिनं दोन कप उचलले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, माती घेऊन जा. तुमचीच आहे. पण त्याआधी एवढं बघा."

"काय बघू?"

"तिसरं पान."

एका कपावर गाडीची खूण होती. त्यातल्या रोपाचं तिसरं पान सकाळीच उलगडलं होतं. पसरट, गुळगुळीत, अगदी जसं यावं तसं. दुसऱ्यावर काडीची खूण. त्यातलं पान उघडलंच नव्हतं. बारीक, लांबुळकं, कडा आत वळलेल्या, शिरा एकमेकींना चिकटलेल्या. शेंडा आकड्यासारखा खाली.

रोपवाल्यानं घमेलं खाली ठेवलं. काडीच्या खुणेचा कप हातात घेतला. घरातल्या माणसाचा चेहरा गर्दीत दिसावा तसा तो त्या पानाकडे बघत राहिला.

"हे माझंच रोप आहे," तो हळू म्हणाला. "म्हणजे... असंच होतं माझ्याकडे. असंच."

"बाकीचे कपही बघा," सून म्हणाली. "काडीवाले सगळे."

त्यानं एकेक बघितले. काडीवाले सगळे मुरडलेले. गाडीवाले सगळे सरळ, नुसत्या कुंडीच्या मातीतलेही सरळ. मग त्याचा हात शेवटच्या कपांवर आला. त्यांवर गवंड्यानं बादली काढली होती. त्यातली रोपं सगळ्यांत टवटवीत होती.

"ह्यात काय घातलंय?"

सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं.

"काय घातलंय वहिनी?"

"धुण्याचं पाणी," सून म्हणाली.

सासूबाईंनी ओठ इतके घट्ट मिटले की ते दिसेनासे झाले. गप्प राहण्याचं एवढं मोठं काम त्यांनी कधी अंगावर घेतलं नव्हतं. दोन वर्षांची उत्तरं घशात रांगेत उभी होती, आणि त्यांनी एकालाही बाहेर सोडलं नाही. सून नंतर म्हणायची, त्या दिवशी मला आमच्या आई खऱ्या कळल्या.

रोपवाला वाफ्याच्या कडेला खाली बसला.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक तोंडावर सांगायचं, तुझ्या हाताला यश नाही. बायको म्हणाली, धंदा बदल. मी घरी तुमच्या नावानं ओरडायचो. आणि स्वतःच्या हातानं पेंढा पसरायचो. रोपं दुखतायत असं दिसलं की आणखी पसरायचो, ऊन लागू नये म्हणून."

"चहा टाक गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना सुचलेलं ते पहिलं वाक्य, आणि योग्य वाक्य.

*

पेंढा देणारा शेतकरी पलीकडच्या चढावर राहायचा. रोपवाला सुनेला आणि गवंड्याला बरोबर घेऊन गेला. एकट्यानं गेलो तर भांडीन म्हणाला, आणि भांडायचं आता बंद केलंय.

पेंढेवाला खळ्यात भारे बांधत होता. पेंढ्यात तण कसं नाही, हा प्रश्न त्यानं ऐकला आणि त्याची छाती फुगली.

"तण? माझ्या शेतात? एक रुंद पान शोधून दाखव, आख्खा भारा फुकट देतो. औषध मारतो मी. धान्य तसंच उभं राहतं आणि बाकी सगळं आडवं."

"टोमॅटो?" सुनेनं विचारलं.

"तेही आडवं होईल. रुंद पान ते रुंद पान."

"घेवडा?"

"घेवडा तर आधी." मग तो बोलता बोलता थांबला. तिघांचे चेहरे बघून हातातली दोरी त्यानं खाली सोडली. "औषधवाला म्हणाला होता खरं, हा पेंढा भाजीला घालू नका. त्याचं उतरायला फार दिवस लागतात. गुरांना घातला तर शेणातूनही तसंच येतं, म्हणाला, ते शेणही भाजीला नको. पण तू भाजीला घालतोस हे मला कुठं सांगितलंस? मला वाटलं तुझ्याकडे गोठा आहे!"

"दोन वर्षांत तू कधी विचारलं नाहीस?" रोपवाला म्हणाला.

"तू कधी सांगितलं नाहीस!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गवंडी हसू लागला, आणि मोडक्या मनगटाला हसण्यानं कळ लागते म्हणून कण्हूही लागला. शेवटी पेंढेवाल्यानंच डोकं खाजवलं. सगळा पेंढा परत घेतो म्हणाला, माझ्या धान्याच्या शेतातच पसरतो, तिथून आलाय तिथंच जाऊ दे. आणि ज्या तुकड्यात औषध मारत नाही तिथलं काड देतो, त्यात तण असेल, मला नावं ठेवायची नाहीत.

"तण असलेलंच द्या," सून म्हणाली. "तण दिसलं की मला झोप लागते."

मग दोन्ही बाजूंना काम निघालं. रोपवाल्याच्या वाफ्यांवरचा पेंढा उचलायचा, काडी न् काडी. सासूबाईंनी भिंतीलगतचा आपला वाफा स्वतः ओरबाडला; गुडघ्यावर बसून, बोटांनी, दाताळ्यावर विश्वास न ठेवता. उकिरड्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, हे त्यांनी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, जणू हे ज्ञान त्यांना जन्मापासून होतं. पेंढा उचलला तरी त्या वाफ्यावर सुनेचा भरवसा बसेना. तिथं ह्या मोसमात मका लावायचा ठरलं; मक्याचं पान लांब, त्याला त्या औषधाचं काही वाटत नाही. माती अधूनमधून खालीवर करायची, ऊन-पाणी खाऊ द्यायची, आणि पुढच्या मोसमात आधी पुन्हा कप.

घेवड्यासाठी उरला पुढचा, घराकडचा वाफा. पेंढा न पडलेला. रोपवाल्यानं आणलेल्या नुसत्या मातीचा.

तिसरं पान फुटून चौथं यायला लागलं होतं. म्हणजे लावणीचे दिवस अगदी कडेला आलेले. तरी सासूबाईंनी घाई केली नाही. वाफा सुनेनं भुसभुशीत केला, गवंड्यानं डाव्या हातानं सरळ दोरी धरली, आणि आईनं एकदाही ती वाकडी आहे असं म्हटलं नाही.

रोपवाला भिंतीपलीकडे होता. तो मुद्दाम इकडे बघत नव्हता.

"इकडे ये," सासूबाईंनी हाक मारली.

तो फाटकातून आला. सासूबाईंनी ट्रंकेतलं बी बाहेर आणलं होतं. त्यांनी तळहातावर सगळं ओतलं. पांढरे दाणे, प्रत्येकावर जांभळा ठिपका, धूळसुद्धा झटकायची भीती वाटावी इतके थोडे. मग त्यांनी बोटानं मधून रेघ मारावी तसं केलं. अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

"हात पुढं कर."

"काकू, नको. एवढंच आहे तुमच्याकडे."

"म्हणूनच. आमच्या आईचं बी मी एका पिशवीत ठेवलं आणि ओढ्यानं एका दुपारात नेलं. एका घरात सगळं ठेवू नये, हे मला ह्या वयात कळलं. अर्धं तुझ्याकडे राहू दे."

त्यानं हात पुढं केला नाही. सुनेकडे बघून तो म्हणाला, "माझ्या वाफ्यांत नको. ते खराब आहेत अजून."

"वाफ्यांत नाहीच," सून म्हणाली. "शेडमधल्या पिशव्यांत लावा. त्या मातीचंच तर हे परस झालंय."

"आणि यश नाही म्हणतात माझ्या हाताला."

"कोण म्हणतं?" सासूबाई म्हणाल्या. "मीच म्हणायचे. आता मी नाही म्हणत. कर हात पुढं, माझे दुखायला लागले."

त्यानं टोपी काढून काखेत मारली आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. सासूबाईंनी दाणे त्यात सोडले. त्यानं एका हाताची मूठ वळली, दुसरा हात वरून धरला आणि क्षणभर उभाच राहिला. आभार मानायचे असतील, पण मुठीत बी असताना माणसाला धड हातही हलवता येत नाही. मग तो वळला. जवळची म्हणून भिंत ओलांडून जायचा मोह त्याच्या डोळ्यांत दिसला, पण तो भिंतीकडे गेला नाही. लांबच्या वाटेनं, फाटकातून, पायाखाली बघत चालू लागला.

"वाटेत कुणी हाक मारली तरी हात हलवू नको रे!" सासूबाई मागून ओरडल्या.

"नाही हलवत!" तो तिकडून ओरडला, आणि खरंच नाही हलवला. फाटक त्यानं कोपरानं उघडलं आणि पाठीनं लावून घेतलं.

उरलेले दाणे सुनेच्या ओंजळीत देऊन, एक हातात ठेवून सासूबाई वाफ्यापाशी वाकल्या. पहिला दाणा त्यांनी बोटानं दाबला, माती ओढली, आणि सुनेकडे न बघता हात मागे केला.

"दे पुढचा. आणि उद्या त्याच्याकडे जाऊन बघून ये, खोल नाही ना लावलेत ते."